चार नंबरच्या भोकातला गेरू

“हिला पेट्या उचलू द्या. यांना दगडाची सवय पिढ्यांची असते.”

सर हे म्हणाले तेव्हा माझं बोट पेटीतल्या एका जागेवर होतं. अमरावतीच्या कॉलेजातली आमची खडकांची लॅब. मे महिना, दुपार. फरशीवर लाकडी पेट्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येक पेटीत दगडाच्या मनगटाएवढ्या जाड कांड्या. डोंगरात मशीनने सरळ खाली भोक पाडलं की आतला दगड असा कांडीसारखा वर येतो. त्याला कोअर म्हणतात. मी सरांना एवढंच सांगत होते, “सर, इथे लाकडी ठोकळे होते. दोन. कोणीतरी काढलेत.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातला नोंदीचा कागद काढून घेतला, वर्गातल्या अद्वैतला दिला आणि ते वाक्य बोलले. लॅबमध्ये विद्यार्थी आठ. सहा हसले. सातवा मोबाइलमध्ये होता. आठवी मी.

मी पेट्या उचलल्या. बारा होत्या. एक पेटी दोघांनी उचलायची असते. मी एकटीने एकेक ओढत जिन्याखालच्या खोलीत नेली. राग आला नाही. लाज वाटली नाही. पेट्या संपल्यावर हात धुतले आणि मेसमध्ये जाऊन जेवले. संध्याकाळी होस्टेलवर पाहिलं तर तळव्यात लाकडाचं लांब कुसळ घुसलेलं. ते घुसताना दुखलं कसं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

सरांची जात मी लिहीत नाही. ज्याला कळायची त्याला कळली.

मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा. मी ऐकून घेणारी मुलगी नाही. अकोल्यात आमच्या वस्तीत माझ्या तोंडाला लोक भीत. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षापासून मी जुन्या पुस्तकांचा धंदा केला. पास होऊन जाणाऱ्यांकडून पुस्तकं घ्यायची, नव्याने येणाऱ्यांना विकायची. कोणाला घाई आहे, कोण नुसता बोलतोय, कोण दाराशी जाऊन परत येणार, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. एका सीनियरने पानं फाटलेलं पुस्तक माझ्या गळ्यात मारलं, तर त्याच्या निरोपसमारंभात जाऊन, सगळ्यांसमोर, मी ते परत केलं. अशी मी.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. बाबांनी अकोल्याजवळच्या खाणीवर सुरुंगाची भोकं पाडली. आयुष्यभर तेच काम. हे सरांना कोणी सांगितलं? मीच. एम.टेक.च्या पहिल्या तासाला त्यांनी प्रत्येकाला विचारलं, रॉक मेकॅनिक्सच का घेतलं. कोणी म्हणालं बोगद्यांना पुढे भरपूर वाव आहे. कोणी म्हणालं मेट्रो. मी म्हणाले, “माझे वडील खाणीत भोकं पाडतात. आवाजावरून दगड ओळखतात. मला ते गणितात शिकायचं आहे.” मला अभिमान होता त्याचा. सर तेव्हा मान हलवून “व्हेरी गुड” म्हणाले होते. ते त्यांनी लक्षात ठेवलं आणि वेळ आली तेव्हा वापरलं.

विषय मला आवडला होता, खोटं कशाला सांगू. एखाद्या दगडाचा तुकडा मशीनमध्ये दाबून फोडला की तो किती ताकदीचा ते कळतं. पण डोंगर म्हणजे तो तुकडा नाही. डोंगरात भेगा असतात, भेगांत माती असते, दोन थरांमध्ये तिसरंच काहीतरी असतं. बोगद्याचं छत पडतं ते तिथून. म्हणून कोअरच्या कांड्या मोजायच्या. दहा सेंटीमीटरपेक्षा लांब तुकडे किती, त्यांची बेरीज करायची, शंभरात किती ते काढायचं. आकडा मोठा आला तर खडक चांगला. छोटा आला तर छताला लोखंडी कमानी लावा. सगळा हिशेब त्या पेटीवर.

आणि पेटीचा एक नियम आहे. डोंगरातला काही भाग कांडी होऊन वर येतच नाही. मऊ असतो, भोकातल्या पाण्याबरोबर वाहून जातो. जेवढा गेला तेवढ्या लांबीची जागा पेटीत मोकळी सोडायची आणि तिथे लाकडाचा ठोकळा बसवायचा. ठोकळ्यावर लिहायचं, अमुक खोलीपासून तमुक खोलीपर्यंत काही मिळालं नाही. जे आलं नाही त्याचीही नोंद. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला होता.

सरांकडे एका बोगद्याचं सल्ल्याचं काम होतं. परतवाड्याच्या वरच्या डोंगरातून पाणी नेणारा बोगदा. एका टोकाने खोदाई सुरू होती आणि पुढच्या भागासाठी पाच भोकं पाडून खडक तपासायचा होता. एप्रिलच्या उन्हात कॅम्पवर राहायला कोणी तयार नव्हतं. अद्वैतचे वडील सरांच्या ओळखीचे. त्याला उन्हाचा त्रास होता. मी सरांना म्हणाले, “मी जाते. पण नोंद माझ्या नावाने जाईल. आणि माझा प्रबंध त्याच कोअरवर होईल.” सर हसले. “तू तर बाजारातच उभी आहेस,” म्हणाले. “ठीक आहे.”

सौदा झाला असं मला वाटलं.

अमरावतीहून परतवाड्यापर्यंत एसटी, तिथून जीप. कॅम्पवर पाच आठवडे राहिले. भोकं पाडणाऱ्या मशीनवर रामराव होते, बाबांच्या वयाचे. पहिले दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी हातोडीने कांडी वाजवून पाहत होते. ते जवळ आले. “कोणी शिकवलं हे?” मी सांगितलं, बाबांनी. “मंग बसा,” म्हणाले, “चाय घ्या.” तिथून पुढे त्यांनी मला एकही कांडी न दाखवता पेटीत ठेवली नाही.

चार नंबरच्या भोकात एकेचाळीस मीटरवर, बोगद्याचं छत येणार होतं त्याच खोलीला, पाण्याचा रंग बदलला. लाल पाणी यायला लागलं. रामरावांनी मशीन हळू केलं.

“गेरू हाय, मॅडम.”

काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल मातकट थर सापडतो. पुस्तकात त्याला रेड बोल म्हणतात. आमच्याकडे गेरू. हा थर सव्वा मीटरचा निघाला. अर्धा पाण्यात वाहून गेला, अर्धा कांडी म्हणून आला.

“याले पानी लावू नका,” रामराव म्हणाले. “आता दगडासारखा दिसते. ओला करून उन्हात ठेवला का पेढ्यासारखा फुटते.”

मी जे आलं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप लावली. जे आलं नाही त्या जागी दोन ठोकळे बसवले, त्यांवर काळ्या मार्करने खोली लिहिली. मोबाइलवर फोटो काढले. वहीत नोंद केली, सही केली. मग पेट्या टेम्पोत चढल्या.

मी दोन दिवसांनी अमरावतीला पोचले. तोपर्यंत अद्वैतने कोअर फोटोसाठी धुऊन घेतला होता. ओल्या दगडाचा रंग फोटोत चांगला येतो म्हणून तसं करतात. त्याने प्लास्टिक फाडलं, सगळ्या कांड्या नळाखाली धरल्या आणि पेट्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन. गेरूचा भुगा झाला. भुगा त्याने झाडून टाकला. आणि ठोकळे? ते त्याने काढून फेकले. नंतर त्यानेच मला सांगितलं, “मला वाटलं टेम्पोत हलू नये म्हणून घातलेत. लिहिलेलं धुताना गेलं होतं.”

हे मी खरं मानते. तो कधी कॅम्पवर गेलाच नव्हता. ठोकळा म्हणजे काय, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, हातात घेतलं नव्हतं. मोकळी जागा वाईट दिसते म्हणून त्याने दोन्हीकडचे काळे दगड सरकवून एकमेकांना भिडवले आणि खोलीचे आकडे पुसून नवे लिहिले. आता त्या पेटीत सलग काळा दगड होता. आकडा मोठा आला. खडक चांगला निघाला.

अद्वैतने केलं ती चूक होती. सरांनी केलं ती चूक नव्हती. मी बोट ठेवून दाखवलं होतं.

त्यांनी पेटी पाहिली, माझं बोट पाहिलं आणि मला पेट्या उचलायला लावल्या. अहवाल त्याच आठवड्यात द्यायचा होता. नोंद करणाऱ्याचं नाव म्हणून अद्वैतचं नाव गेलं.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी वर्गात जात होते. सर शिकवत होते, मी लिहून घेत होते. ते कधी कधी मला विचारायचे, “काय, पेट्या बऱ्या आहेत ना?” मी “हो सर” म्हणायचे. पुस्तकं विकली, सांगितलेल्या पहिल्या भावाला. फोटो मोबाइलमध्ये होते, वही ट्रंकेत होती. मी ती उघडली नाही. झोप चांगली लागायची. दिवाळीच्या आधी अकोल्याला गेले तर आईने दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, “काहून वं, तू कोनाशी भांडून नाही राहिली? तब्येत बरी हाय ना?”

“बरी आहे.”

“रिक्षावाल्याने वीस जास्त घेतले तं तू देऊन आली. मले समजत नाही का?”

बाबा बाजेवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, “आवाज मठ येऊन राहिला हिचा.” खाणीत भरीव दगड खणखणतो. आतून तडकलेला मठ वाजतो. मी उठून भांडी घासायला घेतली.

त्याच आठवड्यात रामरावांचा फोन आला. ते आता बोगद्याच्या कामावर होते.

“मॅडम, छत आलं खाली. आपल्या चार नंबरच्या भोकाखालीच.”

मी विचारलं, कोणी होतं का.

“एक होता. सुभाष. आमच्या गावचा हाय. पाय गेला त्याचा.” मग म्हणाले, “तिथं कमानी लावल्याच नोत्या. म्हने खडक चांगला हाय. तुमी तं लिहिलं होतं ना गेरू?”

मी म्हणाले, लिहिलं होतं. फोन ठेवला. आईने विचारलं कोणाचा. मी म्हणाले कॉलेजचा.

दोन दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “बस,” म्हणाले. दीड वर्षात मी त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसले. चहा मागवला. टेबलावर चार नंबरच्या भोकाचा नोंदीचा कागद होता, नवा छापलेला. आकडे सगळे अद्वैतचेच. फक्त नोंद करणाऱ्याच्या जागी माझं नाव.

“खरं म्हणजे काम तूच केलं होतंस,” सर म्हणाले. “तुझं नाव राहून गेलं, ती चूक दुरुस्त करतोय. इथे सही कर.”

मी कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला. नाव घालायची वेळ होती तेव्हा मी हमाल होते. आता छत पडलं होतं, सरकारी चौकशी लागली होती आणि नाव माझं हवं होतं.

माझ्यात काहीतरी हललं, पण तो राग नव्हता. ती धंद्याची जुनी सवय होती. समोरच्याला घाई आहे हे मला चेहऱ्यावरून दिसलं. मी काही बोलले नाही. भाव करताना गप्प बसलं की समोरचा स्वतःच वर चढतो.

“प्रबंधाची तोंडी परीक्षा याच महिन्यात लावू,” सर म्हणाले.

मी चहा प्यायले.

“बोगद्याच्या कंपनीत माझा शब्द चालतो. नोकरीचं पाहू.”

मी कप खाली ठेवला.

“आपल्या शोधनिबंधात पहिलं नाव तुझं.” मग ते पुढे झुकले. “हे बघ, तुम्हा लोकांना नेहमी संधी मिळत नाही असं तुम्हीच म्हणता. ही संधी आहे.”

एवढं सगळं एका सहीसाठी. माल किती चोरीचा आहे, ते त्या भावावरून कळलं. आणि तरीही, इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, मी हिशेब करत होते. नोकरी लागली तर बाबांना खाणीवरून उतरवता येईल. चौकशीत मी सांगू शकेन की मला काही आठवत नाही. मी म्हणाले, “उद्या सांगते, सर.”

“शहाणी आहेस,” सर म्हणाले.

सुभाषला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं. मी तिथे कशाला गेले, मला नीट सांगता येणार नाही. वाटलं असेल, पाहून घ्यावं. वॉर्डमध्ये तो झोपला होता, पांघरुणाखाली उजवीकडे गुडघ्यापासून पुढे सपाट. बाजूला त्याची बायको खाली बसून भाकरी खात होती. मला पाहून तिने पदराला हात पुसले. तिला वाटलं मी दवाखान्याची.

मी सांगितलं, मी त्या डोंगराचा दगड तपासणारी. तिथे गेरू आहे हे मी लिहिलं होतं. कॉलेजात ते पुसलं गेलं.

ती ऐकत राहिली. मग विचारलं, “कवा?”

“मे महिन्यात.”

तिने बोटांवर महिने मोजले. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पाच बोटं.

“मंग तुमाले मालूमच होतं.”

“हो.”

“तं मंग सांगितलं काहून नाही, बाई?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणू शकले असते, मी सांगितलं होतं, मला हसले. मला जातीवरून बोलले. ते सगळं खरं होतं आणि त्या पलंगाशेजारी त्यातलं एक वाक्यही उभं राहत नव्हतं. कारण ते एका दुपारचं होतं. बाकीचे पाच महिने माझे होते. माझ्या मोबाइलमध्ये फोटो होते. कंपनीच्या इंजिनीअरचा नंबर होता. रामरावांचा होता. एक फोन केला असता तर पुरलं असतं. मी बधिर झाले होते, हे मी माझं दुखणं समजत होते. माझ्यापुरतं. पण मी गप्प होते तितके दिवस हा माणूस रोज त्या छताखाली जात होता.

तिने पुन्हा विचारलं नाही. भाकरीचा तुकडा मोडून मला दिला. मी घेतला. तिथेच उभ्याने खाल्ला. त्या वेळी मला पहिल्यांदा राग आला. घशात घास होता आणि कानशिलं तापली. मे महिन्याचा राग ऑक्टोबरात आला.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये बसले नाही.

“सही करत नाही,” म्हणाले.

“विचार केलास?”

“केला. तुमचा कागद खोटा आहे. माझा खरा आहे. माझ्या कागदावर माझी सही एप्रिलमध्येच झालेली आहे.”

सर म्हणाले, “कोण ऐकेल तुझं? दगड वाहायला ठेवली होती तुला, हे सात जणांनी पाहिलंय.”

“मग ते सात जण सांगतील, मी त्या दिवशी कुठे बोट ठेवलं होतं.”

मी निघाले. वहीची पानं आणि फोटो त्याच दुपारी मी चौकशी करणाऱ्या साहेबांच्या कार्यालयात दिले आणि पोच घेतली. बरोबर माझा जबाब. त्यात लिहिलं की मे महिन्यात मी सरांना ठोकळे काढल्याचं सांगितलं आणि त्यांनी मला काय उत्तर दिलं. ते वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत.

सात जणांपैकी एकानेही अजून काही सांगितलेलं नाही. अद्वैत एकदा जिन्यात थांबला, “मला खरंच माहीत नव्हतं” म्हणाला. मी म्हटलं, आता माहीत आहे ना, मग लिहून दे. तो गेला. सरांनी माझा गाईड राहायला नकार दिला. चौकशी चालू आहे. सर शिकवत आहेत.

गेल्या आठवड्यात विभागप्रमुखांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. त्यांनी तोडगा काढला होता. मातीवरचा विषय घे, नवीन गाईड देतो, जूनपर्यंत पदवी हातात. फक्त जबाबातून सरांचं ते वाक्य काढ. “तांत्रिक मुद्दा राहू दे,” ते म्हणाले. “जातीचं कशाला मध्ये? त्याने तुझीच बाजू कमजोर होते.”

मी म्हटलं, “सर, त्या वाक्यामुळेच माझं बोट बाजूला झालं. तोच तांत्रिक मुद्दा आहे.”

“वर्ष जाईल तुझं.”

“जाऊ द्या.”

“दोनही जातील.”

“मी दोन वर्षं थांबेन. विषय हाच. कोअर तोच.”

त्यांनी जबाबाची प्रत माझ्यापुढे सरकवली, पुन्हा एकदा वाच म्हणाले. मी वाचली. काढण्यासारखं काही सापडलं नाही. एक गोष्ट कमी होती. ती मी घाबरून सोडली होती, कारण ती माझ्याच विरोधात जाते. त्यांच्याकडून पेन मागितलं आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: ‘मला हे मे महिन्यापासून माहीत होतं. ऑक्टोबरपर्यंत मी गप्प राहिले. पुन्हा राहणार नाही.’

तारीख घातली. सही केली. आणि ही प्रतही चौकशीच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली.